उलट्या शर्टाचे अण्णा

दुकानात शर्ट हातात घेतल्यावर तो आधी उलटा करून बघणारा, आणि उलट्या बाजूनेच जास्त आवडला तर तसाच अंगात घालून रस्त्याने चालू लागणारा माणूस अख्ख्या चेन्नईत एकच होता, आणि तो अड्यारमध्ये माझ्या खालच्या मजल्यावर राहत होता. मी त्यांना अण्णा म्हणत असे. सगळेच म्हणत. दूधवाला, इस्त्रीवाला, समोरच्या औषधाच्या दुकानातली मुलगी, सगळ्यांचे ते अण्णाच. बाहेर जायचं असलं की अण्णा आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, केस विंचरून, चपला पुसून तयार होत आणि मग शर्ट उलटा घालत. बटणं आतल्या बाजूला जात, म्हणून ती आधी लावून घ्यायची आणि मग शर्ट डोक्यातून ओढायचा. खिसाही आत जाई, म्हणून बसमध्ये सुटे पैसे काढायला ते कॉलरमधून कोपरापर्यंत हात घालत आणि कंडक्टर तेवढा वेळ छताकडे बघत उभा राही. मापाचं लेबल मानेमागे झेंड्यासारखं फडफडे. एखादा भला माणूस जवळ येऊन हळूच सांगे, "सार, शर्ट उलटा झालाय." अण्णा त्याचे आभार मानत आणि म्हणत, "माझा बरोबर आहे. तुम्ही बघा तुमचा."

मी इचलकरंजीची. तीन वर्षांपूर्वी गिंडीतल्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून इथे आले. यंत्रांबरोबर जी माहितीपुस्तिका येते ती लिहायचं माझं काम. थोडक्यात, यंत्रात हात कुठे घालू नये हे लिहिण्याचा मला पगार मिळतो. त्याआधीचं माझं सगळं शिक्षण पत्रकांवर झालं. वडील यंत्रमाग कामगारांसाठी पत्रकं लिहीत, आई त्यांच्या घड्या घाले आणि उरलेली स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरे. मी अक्षरं शिकले ती तूरडाळीच्या डब्याखालच्या मागण्यांवरून. शाळेतला माझा पहिला निबंध 'माझी आई' या विषयावर होता आणि तो 'कामगार बंधूंनो' असा सुरू झाला होता, असं आई अजून सांगते.

खोली बघायला गेले त्या सकाळी अण्णांनी दार उघडलं, माझ्या खांद्यावरची कापडी पिशवी बघितली आणि "दे मा" म्हणून हात पुढे केला. मला वाटलं, पाहुणीचं ओझं घेताहेत. त्यांनी पिशवी जेवणाच्या टेबलावर उपडी केली. पाण्याची बाटली, कंगवा, अर्धा वडा आणि वडिलांनी पाठवलेला पत्रकांचा गठ्ठा बाहेर पडला. अण्णांनी त्यातल्या कशाकडेही बघितलं नाही. पिशवी आतून बाहेर काढून तिच्या शिवणीवरून बोट फिरवत ते म्हणाले, "अस्तर नाही हिला. कडा उसवणार."

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, आधी तिचं नाव विचारा. मग पिशवीचं बघा."

"नाव कुठे पळतं?" अण्णा म्हणाले. "पिशवी फाटायला आली आहे."

खोली मिळाली. वडा अण्णांनी खाल्ला.

अण्णांचं घराणं तंजावरचं, शिंप्याचं. किती पिढ्यांपूर्वी तिथे गेलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांची मराठी माझ्या कानाला जुन्या दस्तऐवजातून उठून आल्यासारखी वाटे आणि तिचा सूर मात्र पक्का तमिळ. होऊ दे म्हणायचं तर ते 'होंदे' म्हणत, पोरीबाळींना 'मा'. वाक्य मराठीत सुरू होई, तमिळमधून वळसा घेऊन 'सेरी', म्हणजे 'बरं', म्हणून थांबे. ती मराठी जशीच्या तशी कागदावर उतरवणं मला जमत नाही, म्हणून इथे ते थोडेफार माझ्यासारखे बोलतील, त्याबद्दल त्यांनी मला क्षमा करावी. माझ्या मराठीला तर ते नवी मराठी म्हणत, नवा तांदूळ म्हणावा तशी. चांगली आहे, पण लवकर गिचगिचीत होते.

जगातल्या प्रत्येक वस्तूला आतली बाजू असते आणि वस्तूची खरी लायकी तिथेच कळते, यावर अण्णांची श्रद्धा होती. छत्री घेताना ते ती मिटवून काड्यांकडून बघत. पुस्तक हातात आलं तर मजकूर सोडून पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला कोरा कागद आधी तपासत. डोसा खाताना गोल फिरत कड संपवत आणि मग मध्ये जात. मधलं जो तो बरं करतो, कड सांभाळणाराच खरा आचारी. एकदा त्यांच्याबरोबर मैलापूरला एका लग्नाच्या स्वागत समारंभाला गेले. आशीर्वाद द्यायची आमची पाळी आली तेव्हा अण्णांनी अक्षता टाकल्या, वाकले आणि नवरदेवाच्या शेरवानीची खालची कड उलटून बघितली. छायाचित्रकाराने नेमका तोच क्षण टिपला. त्या फोटोत नवरा, नवरी, अक्का आणि मी कॅमेऱ्याकडे बघून हसतोय, आणि अण्णांचं डोकं नवरदेवाच्या गुडघ्याशी आहे. खाली उतरल्यावर अक्कांनी विचारलं, "काय सापडलं?"

"कच्चे टाके," अण्णा दुःखाने म्हणाले. "वर सोन्याची जर, आत कच्चे टाके. पोरीच्या बापाला सांगायला हवं."

अक्का म्हणजे त्यांची बायको. मला त्या आईसारख्या, पण 'अक्का'च म्हणवून घेत. त्यांनी अण्णांच्या उलट्या शर्टाशी चाळीस वर्षं भांडण केलं होतं. अण्णा फाटकातून बाहेर पडले की त्या खिडकीतून न चुकता म्हणत, "चालले माझे यजमान, शिंप्याच्या घराण्याचं नाव काढायला."

पण अण्णांचं खरं वेड म्हणजे त्यांची वही. निळ्या पुठ्ठ्याची, शाळेतल्या मुलांची असते तशी. तिच्यात एकच इंग्रजी शब्द होता, 'लायनिंग', आणि त्याचे त्यांनी जमवलेले अर्थ. एकेका अर्थाला एक पान. पहिला अर्थ अर्थातच कोटाचं अस्तर. मग पोटाचं आतलं अस्तर, ज्याला तिखटाने जळजळ होते. कालव्याच्या आत घालतात ते सिमेंटचं. पक्षी घरट्यात लावतो ते पिसांचं. एका पानावर 'रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी झाडं' असं होतं, कारण इंग्रजीत तेही याच शब्दाने सांगतात. तिथे अण्णा अडले होते. अस्तर आत असतं, कड बाहेर असते, मग एकाच शब्दात दोन्ही कसे? आठवडाभर ते आमच्या गल्लीतल्या झाडांखालून येरझाऱ्या घालत राहिले. तेवढ्यात एका मंत्र्याची गाडी जाणार म्हणून पोलिसांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी केली. अण्णाही त्यांत सापडले आणि दोन तास उन्हात उभे राहून आनंदाने परतले. "समजलं मा," ते म्हणाले. "रस्ता मंत्र्याचा. आम्ही त्याचं अस्तर. त्याचं अंग घासू नये म्हणून." मला ते वाक्य इतकं आवडलं की त्याच दिवशी वडिलांसाठी लिहीत असलेल्या एका पत्रकात घालून टाकलं. अण्णांना मी आमच्या घरच्या फळ्यांवरच्या पत्रकांचं सांगितलं तेव्हा त्यांनी तेही एका पानावर नोंदवलं आणि पुढे लिहिलं, 'शेल्फ. साहित्य: क्रांती.'

काळ्या ढगाच्या चंदेरी कडेचं, 'सिल्व्हर लायनिंग'चं, जे इंग्रजीत नेहमी सांगतात, ते मात्र त्यांना मुळीच मान्य नव्हतं. मी कधी निराश होऊन ऑफिसातून आले आणि कोणी फोनवर मला ते ऐकवलं की अण्णा खालून ओरडत, "अस्तर कडेला दिसतं म्हणजे माप चुकलं. चांगल्या कोटाचं अस्तर दिसायलाच नको. देवाने ढग शिवला आणि हे लोक त्याच्या चुकीचं कौतुक करतात."

एकदा कामासाठी मला गुम्मिडिपूंडीच्या एका ओतकाम कारखान्यात जायचं होतं. भट्टीलाही आतून अस्तर असतं असं मी बोलून गेले आणि अण्णा डबा घेऊन बरोबर निघाले. तिथे एक म्हातारा गवंडी थंड पडलेल्या भट्टीच्या आत बसून जुन्या, जळून गेलेल्या विटा काढत होता. अण्णा शर्ट सावरत भट्टीच्या तोंडाशी उकिडवे बसले आणि दोघांच्या तमिळमध्ये तासभर गप्पा झाल्या. वहीत त्यांनी लिहिलं, 'भट्टी. अस्तर जळतं म्हणून भट्टी राहते. दर काही महिन्यांनी नवं.' तेव्हा मला ते नुसतं छान वाटलं होतं.

ही वही कशासाठी, असं मी खूपदा विचारलं. अण्णा म्हणत, "दुसऱ्या कोणाची चूक होऊ नये म्हणून." कसली चूक ते सांगत नसत. शेवटी एका रविवारी दुपारी अक्का देवळात गेल्या असताना त्यांनी सांगितलं.

अण्णा तेव्हा वीस-एकवीस वर्षांचे होते. तंजावरला वडिलांच्या दुकानात कोटांची अस्तरं लावण्याचं काम त्यांच्याकडे असे. वडील कापत, अण्णा अस्तर लावत. तयार कपडे आले, दुकान बसत चाललं. तेवढ्यात मद्रासहून आलेल्या कोणीतरी सांगितलं की गिंडीला लायनिंगचा मोठा कारखाना आहे आणि तिथे माणसं हवी आहेत. घरात सगळ्यांना वाटलं, देव पावला. आईने कानावरून बोटं मोडली. वडिलांनी आपली मोठी कात्री आणि बोटात घालायचं पितळी अंगुस्तान पोराच्या ट्रंकेत घातलं. अण्णा रात्रभर गाडीत जागे राहिले आणि सकाळी कारखान्याच्या फाटकाशी कात्री हातात घेऊन उभे राहिले. पहारेकऱ्याला वाटलं, भांडायला आला आहे.

तो कारखाना ब्रेक लायनिंगचा होता. लॉरीच्या, बसच्या चाकात ब्रेकला जे घासणारं अस्तर असतं, ते तिथे बनत असे.

"मग परत नाही गेलात?" मी विचारलं.

"कसा जाऊ? आईने गल्लीत साखर वाटली होती." अण्णा हसले. "त्यांनी मला घासायच्या यंत्रावर उभं केलं. मीही म्हटलं, होंदे. लायनिंग ते लायनिंग."

तीस वर्षं ते त्या यंत्रावर उभे होते. घरी त्यांनी कधीच खरं सांगितलं नाही. दर दिवाळीला ते मद्रासहून चांगलं सॅटिन विकत घेऊन जात आणि कंपनीत आपण हे लावतो, असं वडिलांना सांगत. वडील ते कापड बोटांत चोळून बघत, शेजाऱ्यांना दाखवत. मुलगा साहेबांच्या कोटांची अस्तरं लावतो या समाधानात ते गेले. लग्नानंतर अक्कांना तो कारखाना लॉरीच्या भागांचा आहे एवढं कळलं, पण कात्रीची गोष्ट त्यांनाही सांगितली नव्हती. "हसेल ती," अण्णा म्हणाले. "तशी रोज हसतेच. पण या गोष्टीला हसली तर मला वाईट वाटेल."

मी हसले नाही. मला दुसरंच काही ऐकू येत होतं. हे सांगताना अण्णा मध्ये मध्ये थांबत होते, आणि ते थांबणं आठवणींमुळे नव्हतं. त्यांना दम लागत होता.

पुढच्या महिन्यात मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. अहवाल इंग्रजीत होता. अण्णांनी तो माझ्या आधी हातात घेतला, चष्मा कॉलरमधून बाहेर काढला आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा उजळला. "मा, नवा अर्थ," ते म्हणाले. आजार त्यांना नंतर कळला. शब्द आधी दिसला. फुप्फुसाभोवतीचं अस्तर जाड आणि घट्ट झालं आहे, असं त्या ओळीचं म्हणणं होतं. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी काय काम करायचात? अण्णांनी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावलं की त्या काळी त्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासाबरोबर आत जातात आणि तिथेच बसून राहतात. तीस-चाळीस वर्षांनी उठतात. आता उपाय फारसा नाही.

घरी येताना रिक्षात अण्णांनी विचारलं, "याला मराठीत काय म्हणतात?"

"फुप्फुसावरण," मी म्हटलं.

"आवरण बाहेरून असतं. हे तर आतून छातीला लावलेलं. अस्तरच." थोडं थांबून ते म्हणाले, "माझ्या बापाने पहिली गोष्ट काय शिकवली ठाऊक आहे? अस्तर थोडं सैल ठेवायचं. माणसाने हात उचलला की कापड आधी जातं, अस्तर मागून येतं. घट्ट लावलं तर कोट चांगला, कापड चांगलं, पण हात उचलत नाही." त्यांनी छातीवर हात ठेवला. "इथे कोणीतरी घट्ट लावलंय."

सतरावा अर्थ त्या दिवशी वहीत गेला.

मी पेटले होते. कारखाना केव्हाच बंद झाला होता, त्या जागी काचेची इमारत उभी होती, आणि मी रोज तिच्यासमोरून ऑफिसला जात होते. पण अण्णांबरोबर त्या यंत्रांवर उभे असलेले लोक कुठे तरी होते, खोकत होते, आणि बिडीला किंवा वयाला दोष देत होते. त्यांनी तपासून घेतलं पाहिजे होतं. त्यासाठी पत्रक हवं होतं, तमिळमध्ये, आणि त्यावर त्यांच्यातल्याच एकाचं नाव हवं होतं. माझ्यासारख्या परगावच्या मुलीच्या पत्रकात लोक भजी बांधून नेतील. अण्णांचं नाव असलं तर वाचतील. मी तीन पानांचा मजकूर मराठीत लिहिला आणि खाली जाऊन त्यांना वाचून दाखवला. त्यात 'रक्तपिपासू' हा शब्द चारदा होता.

अण्णांनी शांतपणे ऐकलं. "नाही मा," ते म्हणाले.

"का नाही?"

"होंदे. झालं ते झालं."

"झालेलं नाही. अजून होतंय. कोणाच्या तरी घरात आत्ता होतंय."

"माझं नाव नको. घरी पत्रक आलं की ही वाचते. तमिळ वाचते ही, जाहिरातसुद्धा सोडत नाही."

मला वाटलं, कात्रीची गोष्ट उघडी पडेल म्हणून घाबरतात. मी म्हटलं, कात्रीचं लिहिणार नाही. तरीही नाही. मी त्यांना भित्रे म्हटलं. आजारी माणसाला, माझ्या दुप्पटीहून मोठ्या माणसाला, त्यांच्याच जेवणाच्या टेबलाशी बसून भित्रे म्हटलं. अण्णांनी माझी पिशवी जवळ ओढली आणि तिची उसवलेली कड बोटाने आत दुमडत राहिले. मी ती ओढून घेऊन वर निघून गेले.

चार-पाच दिवस मी खाली गेले नाही. मग अक्काच वर आल्या, हातात लिंबू भाताचा डबा. "भांडलात ना?" त्या म्हणाल्या. "यांच्याशी भांडून काही होत नाही मा. मी बघ चाळीस वर्षं एका शर्टावर भांडते आहे." आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून त्यांनी हसत हसत मला सांगितलं की अण्णा लग्न झालं तेव्हा शर्ट सुलटाच घालत. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात कामावरून आले की शर्टावर पांढरी पूड असे. अक्का तो दाराबाहेर झटकत. त्यांना खोकला येई, पूड साडीवर बसे, ताटात पडे. एकदा त्या चिडून म्हणाल्या, ही तुमची कंपनी माझ्या घरात आणू नका. "दुसऱ्या दिवशी हे आले ते शर्ट उलटा घालून. पूड आत, अंगाकडे. सगळी बस हसली असेल. तेव्हापासून तसेच येत. न्हाणीघरात जाऊन शर्ट स्वतः धूत, मला हात लावू देत नसत. मग सवयच लागली. नोकरी सुटली तरी आपलं उलटंच. विचारलं तर शिलाईचं तत्त्वज्ञान सांगतात." अक्का हसत होत्या. "वेडे आहेत हे, अस्की वेडे." अस्की म्हणजे सगळं, पूर्ण.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी विचारलं, तिखट झालाय का?

दुसऱ्या दिवशी अक्का बाजारात गेलेल्या बघून मी खाली गेले. अण्णा अंगणात खुर्चीवर बसले होते. मी म्हटलं, "शर्टाचं कळलं मला."

त्यांनी शर्टाची शिवण बोटाने चाचपली. मग म्हणाले, "तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं मा. विष आहे हे कोणाला माहीत? तिला खोकला येतो एवढंच ठाऊक होतं." आणि खालच्या आवाजात, "मागच्या महिन्यात तिचाही फोटो काढून घेतला छातीचा. म्हटलं, जोडप्याला एकदमच करतात. स्वच्छ आहे. डॉक्टरांना दोनदा विचारलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पत्रकात धुळीचं येणार, कपड्यांचं येणार. ही वाचणार. मग ही आपल्या त्या जुन्या बोलण्याशी हिशोब जुळवेल. उरलेलं आयुष्य माझ्या शर्टाकडे बघत काढेल. ते नको."

त्यांना नको ते त्यांच्यावर लादायचं नाही, हे मला कळत होतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, आणि या वेळी मी ओरडले नाही. "अण्णा, तुमच्या खात्यात किती माणसं होती ते मला ठाऊक नाही. पण शर्ट उलटा करून घरी जाणारे तुम्ही एकटेच होतात. बाकीच्यांच्या बायकांनी ते शर्ट झटकले."

अण्णांनी डोळे मिटून घेतले. अक्कांच्या रिक्षाचा आवाज आला तेव्हा मी उठले.

दोन दिवसांनी सकाळी माझ्या दारावर थाप पडली. वर यायला सोळा पायऱ्या आहेत. त्या त्यांनी किती वेळ थांबत चढल्या असतील ते मला ठाऊक नाही, मी आंघोळीला गेले होते. दार उघडलं तेव्हा ते भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या हातात तमिळमध्ये लिहिलेला एक कागद होता. माझी तीन पानं त्यांनी एका पानावर आणली होती. रक्तपिपासू एकदाही नव्हतं. 'आपण लायनिंगच्या कारखान्यात होतो', असं पहिलं वाक्य होतं. धूळ होती, डॉक्टर होते, कुठे तपासायचं ते होतं. आणि सगळ्यांत खाली, 'ज्या बायकांनी आपले कपडे धुतले त्यांनाही घेऊन जा. त्यांना आधी दाखवा.'

"नाव घालू?" मी विचारलं.

दम खात ते म्हणाले, "घाल. पण आतल्या बाजूला. पत्रक उघडेल त्यालाच दिसलं पाहिजे."

ते पत्रक आम्ही गिंडीच्या चहाच्या टपऱ्यांवर, जुन्या कामगारांच्या वस्त्यांतून वाटलं. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग एक म्हातारे गृहस्थ बायकोला घेऊन अण्णांना भेटायला आले. मग आणखी दोघे. अंगणात खुर्च्या कमी पडू लागल्या. अक्का सगळ्यांना कॉफी देत आणि हे कोण लोक म्हणून अण्णांना विचारत. अण्णा सांगत, "जुने मित्र. तब्येतीची चौकशी." ती माणसं अण्णांच्या उलट्या शर्टाकडे बघत आणि काहीच म्हणत नसत.

पावसाळा संपून थंडी यायच्या सुमारास अण्णा गेले. शेवटी त्यांना बोलणं जड जात होतं. मी जवळ बसले की ते बोटांनी माझ्या ओढणीची कड उलटून बघत आणि मान हलवत, अजून सुधारणा नाही म्हणून.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी खाली गेले. अक्का पलंगावर अण्णांचे शर्ट घेऊन बसल्या होत्या. कोणाला तरी द्यायचे होते. एकेक शर्ट हातात घ्यायच्या, उलटा असलेला सुलट करायच्या, घडी घालायच्या. मी शेजारी बसले. उशीखालून पत्रकाचं टोक दिसत होतं. घड्या पडून पडून मऊ झालं होतं. माझं लक्ष गेलेलं त्यांनी बघितलं.

"आतली बाजूही वाचली मा," अक्का म्हणाल्या. "ते होते तेव्हाच. कॉफी देताना कोणाच्या तरी खिशातून पडलं होतं."

मी घडी घातलेला एक शर्ट उचलून बाजूला ठेवला.

"त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सुलटा घातला असता त्यांनी." त्यांनी पुढचा शर्ट घेतला. निळ्या चौकड्यांचा, मैलापूरच्या त्या लग्नाला घातलेला. तो मात्र सुलट केला नाही. मांडीवर तसाच ठेवला. "रोज ओरडायचे मी. रोज." मग पाणावलेल्या डोळ्यांनीच हसल्या. "नाही ओरडले तर त्यांना संशय आला असता. शेवटच्या दिवसापर्यंत ओरडले."

अण्णांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते आतल्या बाजूला आहे.

परवा सकाळी ऑफिसला निघताना अक्कांनी मला हाक मारली आणि माझी पिशवी मागितली. संध्याकाळी परत केली तेव्हा तिच्या कडा दुमडून शिवलेल्या होत्या आणि आत निळ्या चौकड्यांचं अस्तर होतं. मी पत्रकं त्यात ठेवली. हात बाहेर काढताना अस्तर हाताबरोबर थोडं वर आलं. मला वाटलं, कुठे तरी टाका सुटला.

"सुटला नाही," अक्का म्हणाल्या. "सैल ठेवलंय. हे नेहमी सांगायचे."